साष्टीतील चोरी, दुकान आणि दंडसंहिता

मुंबई शहर आणि साष्टी बेट यांच्यामध्ये माहीमची खाडी आहे. जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांच्या देणगीतून १८४५ साली या खाडीवर रस्ता बांधून पुरा झाला आणि माहीम व वांद्रे ही दोन गावे जोडली गेली. फौजदारी कायद्याच्या दृष्टीने मात्र ही खाडी त्यानंतरही सतरा वर्षे जशीच्या तशी राहिली. माहीमच्या बाजूस चोरी करणारा इसम मुंबईच्या सुप्रीम कोर्टाच्या हद्दीत मोडे व त्याला इंग्लंडमधून आलेला कायदा लागू होई. तीच चोरी वांद्र्याच्या बाजूस घडली तर ती ठाण्याच्या मुलखातील चोरी ठरे आणि तिचा निकाल मुंबई सरकारने १८२७ साली केलेल्या चौदाव्या रेग्युलेशनप्रमाणे होई. कृत्य एक, माल एक. परंतु ठिकाण भिन्न, म्हणून कायदा भिन्न. चोरीची शिक्षा ठरविताना चोरलेल्या वस्तूच्या किमतीपेक्षा चोरीचे स्थळ अधिक निर्णायक ठरावे, ही गोष्ट उपनगरांच्या न्यायेतिहासात वारंवार आढळते, आणि ती केवळ कंपनी सरकारच्या काळापुरती मर्यादित नाही.

स्थळाचे हे महत्त्व एतद्देशीय व्यवस्थेलाही अपरिचित नव्हते. पेशवाई बुडाल्यानंतर एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात घाटावरील गावांची जबाबदारी वर्णिली आहे. चोराचा माग ज्या गावच्या शिवेत जाऊन थांबे, त्या गावावर चोर हजर करण्याचा अथवा माल भरून देण्याचा बोजा पडे. माग पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचविला, की तो बोजाही त्या गावावर जाई. या व्यवस्थेत चोराला होणाऱ्या शासनापेक्षा धन्याची नुकसानभरपाई महत्त्वाची मानली जाई, हे लक्षात घेण्याजोगे आहे. सराईत चोराला अवयवच्छेद किंवा किल्ल्यावरील कैद होई; इतरांकडून ‘गुन्हेगारी’ घेऊन प्रकरण मिटे. आज ज्या शब्दाचा अर्थ गुन्ह्याची प्रवृत्ती असा झाला आहे, तो त्या काळच्या कागदांत दंडाची रक्कम या अर्थाने येतो.

खाडीच्या दक्षिणेस आलेला इंग्रजी कायदा याच्या उलट, वस्तूच्या किमतीवर उभा होता. इंग्लंडात १६९९ च्या कायद्याने दुकानातून पाच शिलिंग वा त्याहून अधिक किमतीचा माल गुपचूप उचलणाऱ्यास देहान्त शिक्षा ठरविली होती. व्यापारी वर्गाच्या आग्रहाने झालेला हा कायदा इतका कठोर होता, की ज्यूरीतील मंडळी आरोपीचा जीव वाचविण्यासाठी मालाची किंमत मुद्दाम पाच शिलिंगांहून कमी ठरवीत. सर सॅम्युएल रोमिली यांनी १८१० साली या शिक्षेविरुद्ध आणलेले विधेयक लॉर्डांच्या सभागृहात फेटाळले गेले. १८२० नंतरच्या दशकात मात्र ती शिक्षा रद्द झाली. मुंबईचे सुप्रीम कोर्ट १८२४ साली सुरू झाले, तेव्हा इंग्लंडातील हा वाद बहुतेक निकालात निघाला होता. तथापि त्यातून मिळालेला धडा हिंदुस्थानासाठी संहिता रचणाऱ्यांच्या समोर होता.

मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने १८३७ साली मसुदा सादर केला. त्यावर आधारलेली भारतीय दंडसंहिता १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आली. त्या दिवशी माहीमची खाडी निदान चोरीच्या व्याख्येपुरती बुजली. संहितेच्या ३७८ व्या कलमातील व्याख्येत किमतीचा उल्लेखच नाही. जंगम मालमत्ता, दुसऱ्याचा ताबा, त्याच्या संमतीचा अभाव, अप्रामाणिक हेतू आणि त्या हेतूने वस्तू हलविणे, एवढ्यावर गुन्हा पुरा होतो. कलमाखालील एका उदाहरणात खजिन्याची पेटी वाहून नेणारा बैल येतो. पेटी लांबविण्याच्या हेतूने कोणी त्या बैलाला एका दिशेस हाकू लागला, की बैलाने पाऊल उचलताक्षणीच चोरी झाली असे तेथे सांगितले आहे. वस्तू कायमची हिरावून घेण्याचा हेतूही आवश्यक नाही. तात्पुरते नेणे हीसुद्धा चोरीच होय, हे सर्वोच्च न्यायालयाने मेहरा खटल्यात १९५७ साली आणि प्यारेलाल भार्गव खटल्यात १९६२ साली स्पष्ट केले.

किंमत व्याख्येतून गेली, पण स्थळ राहिले. साध्या चोरीस ३७९ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा होती. ३८० व्या कलमाने मात्र इमारत, तंबू किंवा जहाज यांतील चोरीस सात वर्षांपर्यंत कारावास व दंड ठरविला. ती जागा माणसाच्या राहण्यासाठी किंवा ‘मालमत्ता ठेवण्यासाठी’ वापरात असली म्हणजे झाले. या दोन शब्दांत दुकानाचा समावेश होतो. दुकानातून माल उचलणे असा निराळा गुन्हा दंडसंहितेने कधी निर्माण केला नाही. तिने दुकानाला घराच्या पंक्तीस बसविले आणि साबणाची वडी उचलणारा ग्राहक व रात्री घरातून दागिने नेणारा इसम यांना एकाच कलमाखाली आणले. याउलट बोरिवली किंवा घाटकोपर स्थानकाबाहेर हातगाडीवरून तीच वडी उचलली, तर गाडी ही इमारत नव्हे, म्हणून ते प्रकरण ३७९ चे. भिंतीच्या आत सात वर्षे आणि भिंतीबाहेर तीन, असा हा हिशेब आहे. ज्याच्या डोक्यावर छप्परही नाही अशा फेरीवाल्याच्या मालाला कायद्याचे कमी संरक्षण आणि पक्क्या दुकानाला अधिक, हा परिणाम संहिताकारांच्या मनात असेल असे वाटत नाही. त्यांच्या दृष्टीसमोर निवारा आणि गोदाम होते. रस्त्यावरचा बाजार नव्हता.

उपनगरांत दीर्घकाळ या विसंगतीची झळ लागली नाही, कारण त्या काळातील दुकानच वेगळे होते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आणि १८६७ साली विरारपर्यंत आगगाड्या सुरू झाल्या, तरी अंधेरी, बोरिवली, मुलुंड ही कित्येक वर्षे गावेच होती. वाणी गादीवर बसे, माल त्याच्या पाठीमागे फळीवर वा पोत्यांत असे, आणि गिऱ्हाइकाने मागितलेली वस्तू तोलून त्याच्या हाती दिली जाई. अशा दुकानात गिऱ्हाइकाचा हात मालापर्यंत पोहोचतच नसे. पोहोचे तो नोकराचा. कारकून अथवा नोकराने धन्याच्या मालाची चोरी केली तर ३८१ वे कलम सात वर्षांचीच शिक्षा सांगे, आणि जुन्या पद्धतीच्या दुकानाला खरी धास्ती होती ती याच कलमातील चोरीची.

दंडसंहिता एक झाली तरी पोलीस आणि दंडाधिकारी यांची रचना निराळीच राहिली. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा निर्माण झाला. शहराला १९०२ चा शहर पोलीस कायदा, तर उपनगराला १८९० चा जिल्हा पोलीस कायदा लागू होता. १९४५ साली बृहन्मुंबईविषयक कायदा झाला. महापालिकेची हद्द १९५० साली अंधेरी व घाटकोपर यांना सामावून पुढे गेली आणि १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंत पोहोचली. दरम्यान १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने दोन्ही पोलीस कायद्यांची जागा घेतली. या अधिनियमाचे १२४ वे कलम विशेष लक्षणीय आहे. चोरीचा असावा असा सकारण संशय असलेला माल ज्याच्याजवळ सापडेल व ज्याला त्याचा समाधानकारक खुलासा करता येणार नाही, तो शिक्षेस पात्र ठरतो. फिर्यादी सापडत नसला तरी खटला उभा राहू शकतो. खुलाशाचा भार आरोपीवर येतो. १९९० साली उपनगर जिल्हा पुन्हा स्वतंत्र झाला, तो महसुली कारभारापुरता. पोलीस आयुक्तालय एकच राहिले.

किंमत व्याख्येतून वगळली गेली असली तरी ती कार्यपद्धतीच्या दाराने परत आली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने पन्नास रुपयांपर्यंतच्या चोरीचे खटले संक्षिप्त रीतीने चालविण्याची मुभा दिली. १९७३ च्या संहितेत ही मर्यादा दोनशे रुपये होती. २००५ च्या दुरुस्तीने ती दोन हजार झाली. संक्षिप्त खटल्यात तीन महिन्यांहून अधिक कारावास देता येत नाही, आणि ही सवलत ३७९ प्रमाणेच ३८० लाही होती. शिक्षेचे स्वरूपही बदलत गेले. १८६४ च्या कायद्याने चोरीबद्दल कारावासाऐवजी फटक्यांची शिक्षा देता येई. ती १९५५ साली रद्द झाली. त्याआधीच, १९३८ साली, मुंबई प्रांताने परिवीक्षेचा स्वतःचा कायदा केला होता. १९५८ च्या केंद्रीय परिवीक्षा अधिनियमाचे तिसरे कलम तर ३७९, ३८० आणि ३८१ या कलमांचा नावानिशी उल्लेख करून प्रथम अपराध्यास केवळ समज देऊन सोडण्याचा अधिकार न्यायालयास देते. सात वर्षांच्या कलमाखालील दोषी माणसाला एका समजेवर घरी पाठविता येते, ही तरतूद साठ वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहे. कायद्याची कठोरता सांगणारे लेखक तिचा उल्लेख क्वचितच करतात.

दुकान बदलले ते गेल्या तीन-चार दशकांत. १९९१ साली अंधेरीत ‘शॉपर्स स्टॉप’ उघडले, २००२ साली पवईत ‘डीमार्ट’, २००४ साली मालाडला ‘इनऑर्बिट’. या दुकानांत माल ग्राहकाच्या हाताशी मांडलेला असतो आणि तो उचलून गल्ल्यापर्यंत नेण्यास मालकाची संमती असते. तेव्हा चोरी नेमकी कोठे घडते? बैलाच्या उदाहरणाचा येथे उपयोग होतो. ग्राहकाने वस्तू टोपलीत ठेवली तर संमती कायम आहे. ती त्याने अप्रामाणिक हेतूने कपड्यांत दडविली, तर त्या हालचालीला मालकाची संमती नसल्याने व्याख्येनुसार गुन्हा तेथेच पुरा होतो, दरवाजा ओलांडण्याची वाट पाहावी लागत नाही. हेतूच्या पुराव्यासाठी मात्र दुकानदार आरोपी गल्ला ओलांडून जाईपर्यंत थांबणेच पसंत करतात, आणि ते शहाणपणाचेही आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलात आली आणि दीडशेहून अधिक वर्षांनंतर किंमत शिक्षेच्या कलमात परतली. ३०३ व्या कलमानुसार पाच हजार रुपयांहून कमी किमतीची चोरी करणाऱ्या व प्रथमच दोषी ठरणाऱ्या इसमाने माल अथवा त्याची किंमत परत केल्यास त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा होते. अशी चोरी अदखलपात्र व जामीनपात्र आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरणाऱ्यास मात्र किमान एक वर्ष आणि कमाल पाच वर्षे सक्तमजुरी आहे. परंतु ही सवलत ३०३ व्या कलमाचा भाग आहे. जुन्या ३८० चा वारसा ३०५ व्या कलमाकडे आला असून राहण्याची वा मालमत्ता ठेवण्याची इमारत, सात वर्षे, ही शब्दयोजना तेथे कायम आहे; सवलत त्याला जोडलेली नाही.

परिणामी अंधेरी वा मुलुंड येथील दुकानातून चारशे रुपयांची वस्तू उचलणाऱ्या तरुणाचे भवितव्य ठाणे अंमलदार कोणते कलम लिहितो यावर बरेचसे अवलंबून राहते. ३०३ लिहिले तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास नाही, जामीन हक्काने, आणि शेवटी बहुधा सेवा. ३०५ लिहिले तर अटक संभवते, जामीन न्यायालयाच्या मर्जीवर, आणि मालकाची इच्छा असली तरी प्रकरण आपसात मिटविता येत नाही. जुन्या ३७९ च्या बाबतीत २००८ च्या दुरुस्तीने किमतीची अट काढून मालकाला ती मोकळीक दिली होती, ३८० ला ती मिळाली नाही आणि ३०५ लाही नाही. वीस हजारांपर्यंतच्या चोरीचा खटला नव्या प्रक्रिया संहितेनुसार संक्षिप्त रीतीने चालतो, म्हणून कारावास सहसा तीन महिन्यांपलीकडे जाणार नाही, हे खरे. पण दोषसिद्धीची नोंद तर राहतेच. दुकानातील रक्षकाची स्थितीही याच निवडीने बदलते. खाजगी माणसाला अटकेचा अधिकार केवळ आपल्या समक्ष घडलेल्या दखलपात्र व अजामीनपात्र गुन्ह्यापुरता असून अटक केलेल्यास सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन करावे लागते. प्रकरण ३०३ च्या सवलतीत बसणारे असेल, तर ग्राहकाला मागच्या खोलीत बसवून ठेवणाऱ्या रक्षकापाशी हा अधिकारच नसतो, आणि अन्यायाने अडवून ठेवल्याची फिर्याद उलट त्याच्यावरच होऊ शकते.