न्यू फिलाडेल्फिया
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इलिनॉय राज्याच्या पाइक परगण्यातील एक लुप्त गाव व राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ. ते मिसिसिपी व इलिनॉय या नद्यांच्या दरम्यान, बॅरी गावाच्या पूर्वेस वसलेले होते. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या फ्रँक मॅकवर्टर (१७७७–१८५४) याने १८३६ मध्ये त्याची आखणी केली. यादवी युद्धापूर्वी कृष्णवर्णी व्यक्तीने रीतसर आखून सरकारदरबारी नोंदविलेले हे पहिले ज्ञात गाव होय.

फ्रँकचा जन्म दक्षिण कॅरोलायनात झाला. त्याची आई ज्यूडा ही पश्चिम आफ्रिकेतून आणलेली गुलाम स्त्री होती. १७९५ मध्ये मालकाने त्यास केंटकी राज्यात नेले. तेथे मालकास मोबदला देऊन इतरत्र काम करण्याची मुभा त्यास मिळाली. १८१२ च्या इंग्रज-अमेरिकन युद्धात बंदुकीच्या दारूसाठी सोऱ्याची मागणी वाढली, तेव्हा त्याने सोरा तयार करण्याचा धंदा सुरू केला. त्या मिळकतीतून १८१७ मध्ये ८०० डॉलर देऊन त्याने प्रथम पत्नी ल्यूसी हिला मुक्त केले. अपत्यास मातेचाच दर्जा मिळत असल्याने त्यानंतरची मुले जन्मतःच स्वतंत्र ठरली. दोन वर्षांनी तेवढीच रक्कम भरून तो स्वतः मुक्त झाला. कॅनडात पळून गेलेल्या मुलाच्या मुक्ततेसाठी १८२९ मध्ये त्याने सोऱ्याचा कारखानाच देऊन टाकला.

१८३१ मध्ये मुक्त कुटुंबीयांसह तो इलिनॉयमध्ये आला. काही मुले व नातवंडे मात्र केंटकीत गुलामगिरीतच राहिली. त्यांना सोडविण्यासाठी पैसा उभारणे, हा गाव वसविण्यामागील प्रमुख हेतू होता. ४२ एकर (सु. १७ हे.) जमिनीचे १४४ भूखंड पाडून त्याने ते विक्रीस काढले. इलिनॉय हे गुलामगिरीस मनाई असलेले राज्य असले, तरी तेथील कायदे कृष्णवर्णीयांचे हक्क नाकारीत. त्यामुळे गोऱ्या शेजाऱ्यांच्या शिफारशीवरून विधिमंडळाने १८३७ मध्ये खास अधिनियम करून त्यास मॅकवर्टर हे आडनाव, तसेच मालमत्तेचे व्यवहार करण्याचा आणि न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार दिला. हयातीत आणि मृत्युपत्राद्वारे मिळून त्याच्या मिळकतीतून, तो स्वतः धरून, सु. १६ जणांची मुक्तता झाली.

गावात गोरे व कृष्णवर्णी शेजारी-शेजारी राहत. तथापि शाळा दीर्घकाळ वेगळ्या होत्या. गुलामगिरी असलेले मिसूरी राज्य मिसिसिपीपलीकडे सु. ३० किमी. वर होते, त्यामुळे पळवून नेले जाण्याची भीती कायम असे. १८६५ च्या सुमारास लोकसंख्या सु. १६० झाली. १८६९ मध्ये लोहमार्ग गावास वगळून उत्तरेकडून गेला आणि व्यापार ओसरला. १८८५ मध्ये बरेच भूखंड रद्द होऊन तेथे पुन्हा शेती होऊ लागली.

गावाच्या इमारती नष्ट झाल्यामुळे संस्थापकाची स्मृती दीर्घकाळ मुख्यतः वंशजांनीच जपली. त्यांपैकी ज्यूलिएट वॉकर या इतिहासकार विदुषीने दस्तऐवज अभ्यासून त्याचे चरित्र १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. १९८८ मध्ये त्याच्या थडग्याची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत नोंद झाली. नजीकच्या महामार्गासही त्याचे नाव देण्यात आले. २००२ पासूनच्या पुरातत्त्वीय संशोधनात घरांचे पाये व मृत्पात्रांचे अवशेष सापडले. दोन्ही वर्णांच्या घरांतील वस्तूंत फारसा फरक आढळला नाही. २००९ मध्ये या जागेस राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तुस्थळाचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती राष्ट्रीय उद्यान सेवेच्या कक्षेत आली. एरव्ही संस्थापकांची स्मृतिचिन्हे नांदत्या गावात उभी असतात. येथे गावच उरले नसल्याने त्याच्या अस्तित्वाची खूण म्हणून स्मारकालाच महत्त्व आले आहे.