उत्तरायण नेमकं कधी सुरू होतं?

संक्रांतीला तिळगुळाच्या मेसेजांबरोबर एक फॉरवर्ड हमखास येतो : आजपासून उत्तरायण सुरू! खरं तर सूर्य २१-२२ डिसेंबरलाच उत्तरेकडे वळलेला असतो आणि संक्रांत येते १४-१५ जानेवारीला. हे चोवीस दिवस आले कुठून?

सहाव्या शतकात अवंतीच्या वराहमिहिरापुढेही असाच पेच होता. जुने ग्रंथ सांगत होते, की सूर्य धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी असताना उत्तरायण लागतं. त्याच्या काळात ते मकर राशीच्या आरंभी लागत होतं. ‘बृहत्संहिते’त त्याने दोन्ही गोष्टी नोंदवल्या आणि फरक पडला तर प्रत्यक्ष पाहून ठरवा, असं सांगितलं. पाहायचं कसं, तेही दिलं : उगवता किंवा मावळता सूर्य दूरच्या कुठल्या खुणेपाशी दिसतो ते टिपा, किंवा जमिनीवर वर्तुळ आखून मध्ये काठी रोवा आणि तिची सावली तपासा.

म्हणजे मकर संक्रांत आणि उत्तरायण तेव्हा जवळजवळ एकत्रच होते. पण पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो. एका फेरीला सुमारे २६,००० वर्षं लागतात. यालाच अयनचलन म्हणतात. पंचांगातल्या राशी ताऱ्यांना बांधलेल्या, त्यामुळे साधारण सत्तर वर्षांत एक दिवस या हिशेबाने संक्रांत पुढे सरकत राहिली.

स्वतंत्र भारतात मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली गेली. २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत सौर पौष २२ डिसेंबरला सुरू होतो. ती सूर्याच्या खऱ्या वळणाला धरून आहे. सण मात्र जुन्या हिशेबानेच राहिले.

सूर्याची वाट गावागणिकही बदलते. २१ जूनच्या दुपारी उज्जैनमध्ये सावली जवळजवळ नाहीशी होते. मुंबई-पुण्यात सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्यावर आणि जुलैअखेरीस, नेमका डोक्यावर येतो. मधल्या काळात भरदुपारची सावली चक्क दक्षिणेला पडते. दिल्लीत तो कधीच बरोबर माथ्यावर येत नाही. डिसेंबरच्या त्या वळणावर भरदुपारी तो पुण्यात क्षितिजापासून सुमारे ४८ अंश वर असतो, तर लंडनमध्ये जेमतेम १५.

वराहमिहिराच्या पहिल्या पद्धतीला तर काठीही लागत नाही. नोव्हेंबरअखेरपासून संक्रांतीपर्यंत दर रविवारी गच्चीवर एकाच जागी उभं राहून मावळत्या सूर्याचा फोटो काढा. तो कुठल्या इमारतीपाशी थबकतो आणि कधी परत फिरतो, ते तुमच्याच गॅलरीत दिसेल. मग तो फॉरवर्ड आला, की उत्तरादाखल हे फोटो पाठवा. तिळगुळासकट.