नजरमहाल : साताऱ्याच्या डोंगरावरून कोणी काय पाहिले

सातारा शहरातून अजिंक्यताऱ्याकडे चढू लागले की गडाच्या उतारावर 'चार भिंती' लागतात. सायंकाळी येथे गर्दी असते. पश्चिमेस यवतेश्वराचा डोंगर, पूर्वेकडे जरंडेश्वर, पायथ्याशी शहराची कौले, गच्च्या आणि देवळांची शिखरे. दिवे लागेपर्यंत माणसे कठड्यापाशी रेंगाळतात. काहींना हे स्थळ सूर्यास्तासाठी ठाऊक असते, काहींना १८५७च्या हुतात्म्यांचे स्मारक म्हणून. त्याचे मूळ नाव मात्र थोड्यांनाच माहीत असते. ते नाव होते 'नजरमहाल'.

छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी ही वास्तू १८३० मध्ये बांधली. विजयादशमीची मिरवणूक राजघराण्यातील स्त्रियांना पाहता यावी, एवढाच तिचा हेतू. खाली पालखी, हत्ती, घोडे, निशाणे. वर उतारावर आडोशाच्या भिंतींमागे राजस्त्रिया. वरवर पाहता हा संस्थानी थाटातला एक किरकोळ खर्च वाटतो. परंतु ज्या राजाने हा महाल बांधला, त्याच्या आयुष्याची पहिली पंचवीस वर्षे दुसऱ्यांच्या नजरेखाली गेली होती. 'नजरमहाल' आणि 'नजरकैद' या दोन शब्दांतील अंतर या एका डोंगरावर फार थोडे आहे. ते नीट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

अजिंक्यताऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३,३०० फूट. बाराव्या शतकाच्या अखेरीस शिलाहार राजा दुसरा भोज याने हा किल्ला बांधला, असे मानले जाते. आदिलशाहीच्या काळात राज्यकर्त्यांना तो सर्वांत जास्त उपयोगी पडला तो कैदखाना म्हणून. १५८० मध्ये विजापूरच्या दरबारी सत्तास्पर्धेत किश्वरखानाने चांदबिबीला पकडून येथेच ठेवले होते. जुलै १६७३ मध्ये किल्ला शिवाजी महाराजांकडे आला. पुढे राजाराम महाराजांनी साताऱ्यास राजधानी केली आणि डोंगराचे महत्त्व एकदम पालटले, कारण राजधानी म्हटली की तिच्यावर शत्रूची नजर आलीच.

ती नजर डिसेंबर १६९९ मध्ये प्रत्यक्ष येऊन पोहोचली. औरंगजेबाने उत्तरेस करंज्याजवळ तळ दिला. शाहजादा आझम पश्चिमेस उतरला. तेथील गावाला पुढे शहापूर हे नाव पडले, असे ग्रँट डफने नोंदविले आहे. किल्लेदार होते प्रयागजी प्रभू. साडेचार महिने वेढा चालला. तोफांनी काम होईना, तेव्हा तरबियतखानाने कड्याखाली सुरुंग खणले.

सुरुंगांना बत्ती देण्याचा दिवस होता १३ एप्रिल १७००. त्या दिवशीची ग्रँट डफची हकीकत विलक्षण आहे. हल्ला पाहण्यासाठी बादशहा स्वतः मोठ्या लवाजम्यानिशी पुढे निघाला. ही मिरवणूक पाहण्यासाठी गडावरची शिबंदी तटावर येऊन उभी राहिली आणि नेमक्या त्याच वेळी पहिला सुरुंग उडाला. खडकाचा मोठा भाग आतल्या बाजूस कोसळला व तटावरची पुष्कळ माणसे गाडली गेली. खुद्द प्रयागजीही ढिगाऱ्याखाली सापडले; पुढे त्यांना जिवंत बाहेर काढण्यात आले. आता वाट मोकळी झाली असे समजून मोगल सैन्य उतावीळपणे कड्याखाली जमले, तोच दुसरा सुरुंग उडाला. हा स्फोट बाहेरच्या बाजूस फुटला आणि मोगलांचीच सुमारे दोन हजार माणसे दगडांखाली गेली.

शत्रूची मिरवणूक पाहण्याच्या मोहाने शिबंदी तटावर आली, ही गोष्ट खरी की ग्रँट डफने ती रंगवून सांगितली, यावर वाद घालता येईल. तो कंपनीचा अधिकारी होता आणि आपल्या इतिहासात नाट्य ओतण्याची त्याला हौस होती. पण ज्याने हे लिहिले तो १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यातच कारभार पाहत होता, हा डोंगर रोज त्याच्यासमोर होता, आणि ज्या तरुण राजाला तो राज्यकारभार शिकवीत होता त्यानेच पुढे याच उतारावर मिरवणूक पाहण्यासाठी महाल बांधला. हा योगायोग नजरेआड करणे कठीण आहे.

मार्च १७०० मध्ये राजाराम महाराजांचा सिंहगडावर मृत्यू झाला होता. रसदही संपत आली होती. २१ एप्रिल रोजी गड मोगलांच्या ताब्यात गेला आणि बादशहाने मुलाच्या नावावरून त्याचे 'आझमतारा' असे नामकरण केले. मराठ्यांनी तो परत घेतल्यावर ताराबाईंच्या काळात 'अजिंक्यतारा' हे नाव रूढ झाले. जो किल्ला नुकताच जिंकला गेला होता त्यालाच 'अजिंक्य' म्हणणे ही त्या काळाची जिद्द होती. इतिहासाची अचूक नोंद तिच्यात शोधू नये.

यानंतर रंगमंचावर येतात शाहू महाराज. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा सात वर्षांचे शाहू मोगलांच्या हाती लागले आणि १७०७ पर्यंत बादशाही छावणीतच राहिले. अठरा वर्षे नजरकैदेत काढलेला हा राजपुत्र सुटून आला, तेव्हा सातारचा गड ताराबाईंच्या बाजूच्या परशुरामपंत प्रतिनिधींकडे होता. पंत दरवाजा उघडीनात. गडावरील शेख मिरा या अंमलदाराची बायकामुले वाईस होती. शाहूंनी त्यांना पकडून आणले आणि गड न दिल्यास तोफेच्या तोंडी देण्याची धमकी दिली, असे सांगतात. शेख मिराने पंतांनाच कैद करून दरवाजे उघडले. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहूंचा राज्याभिषेक झाला. दयाळू म्हणून ज्यांची ख्याती आहे, त्या शाहूंच्या साताऱ्यातील कारकिर्दीचा आरंभ अशा धमकीने झाला, हे विसरले जाते.

शाहूंनी केलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट म्हणजे राजधानी डोंगरावरून खाली आणणे. पायथ्याशी पेठा वसल्या, वाडे उभे राहिले, सरदारांची वस्ती झाली. आज चार भिंतींवरून जे शहर दिसते त्याचा गाभा शाहूंचा आहे. आणि राजधानी खाली उतरताच वरच्या गडाचा स्वभाव पुन्हा जुन्या वळणावर गेला. राजा राहतो ते ठिकाण ही ओळख पुसट होऊन राजाला ठेवतात ते ठिकाण ही ओळख परत आली.

शाहू १५ डिसेंबर १७४९ रोजी वारले. त्यांच्या मागे गादीवर आलेले रामराजे पेशव्यांचे ऐकतात, म्हणून संतापलेल्या ताराबाईंनी नोव्हेंबर १७५० मध्ये त्यांना गडावर अडकवून ठेवले. ज्या नातवाला त्यांनीच पुढे आणले होते, त्यालाच! ग्रँट डफ सांगतो की त्या वेळी गडावरून खालच्या लोकांवर तोफा डागण्याचा हुकूमही त्यांनी दिला होता. डोंगरावरून शहर किती जवळ दिसते हे आज छायाचित्र काढणाऱ्याला जाणवते. तोफ डागणाऱ्यालाही ते जाणवत असले पाहिजे.

पुढची सुमारे सात दशके साताऱ्यास छत्रपती होते आणि सत्ता पुण्यास होती. पेशव्यांची वस्त्रे साताऱ्याहून जात. ती देणाऱ्या राजाच्या भोवती मात्र पेशव्यांचा पहारा असे. १७९८ मध्ये दुसऱ्या शाहूंनी हा पहारा झुगारण्याचा एक प्रयत्न केला. पहारेकऱ्यांना पकडून गड ताब्यात घेतला. बंधू चतुरसिंग त्यांच्या पाठीशी होते. हा उठाव मोडण्यासाठी तासगावच्या परशुरामभाऊ पटवर्धनांना पाठविण्यात आले. गंमत अशी की भाऊ त्या वेळी स्वतःच कैदेत होते; या कामगिरीसाठी त्यांना मोकळे केले गेले. एका कैद्याने दुसऱ्याला पुन्हा कैदेत घातले. चतुरसिंग कोल्हापूरकडे निसटले.

येथे सांगलीची आठवण होते. त्याच पटवर्धन घराण्यातील चिंतामणराव काही वर्षांनी मिरजेपासून वेगळे होऊन सांगलीस आले आणि त्यांनी गणेशदुर्ग बांधला. तो भुईकोट आहे. भोवती कृष्णाकाठची सपाट काळी जमीन, वरून खाली पाहावे असा डोंगर नाही. सांगली आणि सातारा ही शहरे आज शेजारचे जिल्हे चालवतात, पण राजा आणि रयत यांच्या नजरांचा कोन दोन्हीकडे अगदी वेगळा राहिला.

दुसऱ्या शाहूंचे थोरले पुत्र प्रतापसिंह १७९३ मध्ये जन्मले. १८०८ मध्ये पंधराव्या वर्षी गादीवर आले, म्हणजे पहाऱ्यासकट गादी त्यांना वारशात मिळाली. इंग्रजांशी युद्ध सुरू झाल्यावर दुसऱ्या बाजीरावांनी त्यांना आपल्या छावणीबरोबर फिरविले. राजकुटुंबातील काही मंडळींना कोयनेच्या खोऱ्यातील वासोट्यावर ठेवले गेले. आजही घनदाट जंगलातून चढून जावे लागते असा तो किल्ला. फेब्रुवारी १८१८ मध्ये सातारचा गड इंग्रजांच्या हाती पडला. त्याच महिन्यात २० तारखेस आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांच्या स्वाधीन झाले. एप्रिलमध्ये वासोटाही सुटला. पेशव्यांचा पहारा संपला. इंग्रजांचा सुरू झाला. फरक एवढाच की नवा पहारेकरी राजाला मुजरा करून पहारा देत असे.

तरीही पुढील वीस वर्षांत प्रतापसिंहांनी मिळाल्या तेवढ्या मोकळिकीचा पुरेपूर उपयोग केला. रस्ते केले, शाळा काढली, छापखाना घातला, शहरास पाणी आणले. स्वतःची रोजनिशी ते नेमाने ठेवीत. नजरमहाल याच काळातला. ज्या स्त्रियांच्या एका पिढीने वासोट्यासारख्या गडांचे तट पाहिले होते, त्यांना आपल्या घराण्याची मिरवणूक डोळे भरून पाहता यावी म्हणून राजाने डोंगरावर जागा केली. पडदा होताच, भिंतीही त्यासाठीच होत्या. पण या डोंगरावर इतकी शतके जी नजर माणसांवर रोखली जात होती, ती पहिल्यांदा त्या माणसांच्या मालकीची झाली होती.

ती फार काळ टिकली नाही. पोर्तुगीजांशी संधान बांधले, कंपनीच्या शिपायांना फितविले, असे आरोप ठेवून सप्टेंबर १८३९ मध्ये महाराजांना पदच्युत करण्यात आले. आरोपांचा पुरावा तेव्हाही अनेक इंग्रजांनाच पोकळ वाटला होता. चूक कबूल करून गादी राखा, हा मार्ग त्यांना देऊ केला होता. त्यांनी तो नाकारला. काशीस त्यांची रवानगी झाली आणि १४ ऑक्टोबर १८४७ रोजी ते तेथेच वारले. धाकटे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब गादीवर बसविले गेले होते. एप्रिल १८४८ मध्ये तेही गेले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले. डलहौसीच्या खालसा धोरणाचा पहिला मोठा घाव साताऱ्यावर पडला. झाशी, नागपूर नंतरची.

प्रतापसिंहांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे राहिले. सभा, अर्ज, पत्रके, छापील पुस्तिका. मालक वारले, राज्य गेले, तरी फिर्याद चालूच. अखेर हात हलवीत परतले. १८५७च्या जूनमध्ये साताऱ्यात उठावाच्या कटाची कुणकुण सरकारला लागली. ऑगस्टच्या सुरुवातीस प्रतापसिंह आणि आप्पासाहेब या दोघांच्याही विधवा राण्यांना दत्तक पुत्रांसह साताऱ्याहून हलवून मुंबईच्या बंदरातील बुचर बेटावर नेण्यात आले. नजरमहाल ज्यांच्यासाठी होता, त्या घरातील स्त्रिया पुन्हा एकदा पहाऱ्यात गेल्या.

८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना मारण्यात आले. पाच जणांना फाशी, सहा जणांना गोळ्या, सहा जणांना तोफेच्या तोंडी. रंगो बापूजींचा मुलगा सीताराम त्यांत होता. रंगो बापूजी स्वतः मात्र निसटले. पकडून देणाऱ्यास बक्षीस लावूनही ते कधीच सापडले नाहीत.

अशा शिक्षा उघड्या माळावर देण्यामागे एक हिशेब असतो. लोकांनी पाहावे, हाच तो हिशेब. सत्तावीस वर्षांपूर्वी डोंगरावर जी वास्तू एक मिरवणूक दिसावी म्हणून उभी राहिली, तिच्यासमोरच्या शहरात आता हे दृश्य मांडले गेले.

उठावास शंभर वर्षे झाली तेव्हा १९५७ मध्ये पडझड झालेल्या नजरमहालाच्या जागी हुतात्मा स्मारक उभारण्यात आले. २००१ मध्ये त्याचे पुन्हा नूतनीकरण झाले. राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रंगो बापूजी यांचे स्मरण तेथे केले आहे. लक्ष्मीबाई आणि तात्या यांचा या डोंगराशी थेट संबंध नाही. देशाच्या स्मृतीत सातारचे नाव जोडून घेण्याची ती १९५७ची पद्धत होती आणि त्यात गैर काही नाही. त्या सतरा जणांसाठी मात्र गेंडामाळावर वेगळे स्मारक आहे. तेथे सूर्यास्त पाहायला कोणी जात नाही. चार भिंतींवरून तिकडे जायचे तर आधी उतार उतरावा लागतो, मग शाहूंच्या पेठा ओलांडून शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत जावे लागते.