टायरसाठी शोधलेला धागा, गुडघ्यासाठी घडलेली पँट

मोटारसायकलस्वाराच्या संरक्षणाचे शास्त्र डोक्यापासून सुरू झाले. मे १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स यांचा मोटारसायकल अपघातानंतर मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी मेंदूशल्यचिकित्सक ह्यू केर्न्स यांनी पुढे स्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटची उपयुक्तता मांडली. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ देखील डोक्यापुरतेच बोलते. पायांची पाळी फार उशिरा आली.

१९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत हलक्या, मजबूत टायरसाठी धागा शोधताना जे बहुवारिक मिळवले, त्यातूनच केव्लार जन्मले. हा धागा नायलॉनसारखा वितळत नाही, म्हणून तो कालांतराने स्वारांच्या जीन्समध्येही आला. मात्र धागा मजबूत म्हणून पँट मजबूत ठरत नाही. वीण, जाडी आणि शिवण यांवर सारे अवलंबून असते.

साधे गणित पाहू. ताशी ५० किमी वेगाने पडलेला माणूस, घर्षणांक ०.६ मानल्यास, डांबरावर सुमारे १६ मीटर घसरतो. तो अवधी जेमतेम सव्वादोन-अडीच सेकंदांचा. तेवढा वेळ कापड टिकले पाहिजे. हे मोजण्यासाठी केंब्रिजचे रॉडरिक वूड्स यांनी झीज-चाचणीची पद्धत विकसित केली आणि त्यातून युरोपीय मानके घडली. २०२० च्या ईएन १७०९२ मानकात सर्वाधिक धोक्याच्या भागांचे कापड एएए वर्गासाठी ताशी १२०, एएसाठी ७० आणि एसाठी ४५ किमी वेगाला अनुरूप तपासले जाते. हे आकडे चाचणीयंत्राचे आहेत. रस्त्यावरील अभयदान नव्हे.

ही मोजणी का हवी, ते २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासाने दाखवले. अपघातग्रस्त २१२ स्वारांमध्ये रायडिंग पँट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल होण्याचा धोका जवळपास निम्मा आढळला. पण सुमारे २८ टक्के पँटींचे कापड अपघातात निकामी झाले होते.

तेव्हा रोजच्या प्रवासासाठी पँट घेताना ‘केव्लार’ या शब्दाऐवजी आतल्या लेबलवरचा वर्ग वाचावा. शहरी वेगाला एए हा समंजस मध्य होय. गाडीवर बसल्यासारखे बसून गुडघ्याचे पॅड गुडघ्यावरच राहते का, हे पाहावे. आणि आपला उन्हाळा विसरू नये: उकाड्यामुळे कपाटात राहिलेली एएए पँट कोणाचाही गुडघा वाचवत नाही. रोज अंगावर राहील तीच पँट योग्य.