अपंगत्व निवृत्तिवेतन, सैनिकी (पोफळी परिसराच्या संदर्भात)

अपंगत्व निवृत्तिवेतन, सैनिकी : सैन्यसेवेमुळे उद्भवलेल्या किंवा त्या सेवेमुळे बळावलेल्या इजेबद्दल अथवा आजाराबद्दल माजी सैनिकाला सरकारकडून मिळणारे मासिक वेतन. गावात याला ‘डिसॅबिलिटी’ किंवा ‘अपंगत्वाची पेन्शन’ म्हणतात, आणि आजारपणामुळे मुदतीआधी घरी आलेल्या जवानाला ‘बोर्ड आऊट’ झालेला म्हणतात. हे वेतन दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते. पहिला प्रश्न शरीर किती टक्के निकामी झाले हा, आणि दुसरा त्याचा सेवेशी संबंध आहे का हा. लोकांच्या बोलण्यात टक्केवारीच ऐकू येते, पण दाव्याचे भवितव्य बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नावर ठरते. त्या प्रश्नाचे उत्तर संशयात असेल तर संशयाचा फायदा सैनिकाला मिळाला पाहिजे, हे नियमातच लिहिलेले आहे. नियम असा असूनही दावे फेटाळले जातात, आणि त्याचे कारण बहुधा वैद्यकीय मंडळाच्या कागदावरच्या एका ओळीत सापडते.

पोफळी हे रत्नागिरी जिल्ह्याच्या चिपळूण तालुक्यातील गाव कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी आहे. घाट चढला की पाटण आणि कऱ्हाड, म्हणजे पलटणीत माणसे धाडणारा सातारा जिल्हा लागतो, आणि घाटाखालच्या कोकणालाही सैन्य परके नाही. मराठा पलटणींत व महार पलटणींत कोकणातून पिढ्यान्‌पिढ्या भरती होत आली. पहिल्या महायुद्धात कूतच्या वेढ्यात अडकलेल्या फौजेत मराठा पलटणी होत्या. १९१७ साली उभी राहिलेली १११ महार पलटण १९२१ मध्ये मोडली गेली आणि महार रेजिमेंट १९४१ मध्ये पुन्हा उभी राहिली. कॅम्प दापोली तर एकोणिसाव्या शतकात पेन्शनर शिपायांची वस्ती म्हणूनच ओळखली जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर काही काळ तेथेच राहिले होते. लढाईत जखमी झालेल्यांसाठी संस्थाही महाराष्ट्रातच उभ्या राहिल्या. खडकीची क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ मध्ये मुंबईत सुरू झाली व पुढे खडकीस आली. पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले, आणि कमरेखाली लुळे झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्रही खडकीलाच आहे. तुटलेला पाय डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याबद्दल सहसा वाद होत नाही. रक्तदाब, मधुमेह, अपस्मार, मनोविकार, कंबरेच्या मणक्याचे दुखणे, बहिरेपणा हे दिसत नाहीत, आणि आजचे बहुसंख्य वाद यांच्याच भोवती फिरतात.

टक्केवारी शरीराची असते, असा सर्वसाधारण समज आहे. पोफळीतच तो तपासून पाहता येतो, कारण कोयना प्रकल्पाचे डोंगराच्या पोटातले वीजगृह याच गावात आहे. तेथील कामगाराचा अंगठा यंत्रात गेला, तर १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याची पहिली अनुसूची तो ३० टक्के धरत असे. मोजमाप होते कमाईच्या क्षमतेच्या घटीचे. तोच माणूस दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात गेला, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट लागते. तोच माणूस सैनिक असेल, तर उंबरठा २० टक्क्यांचा. अंगठा एकच, पण तीन कायद्यांच्या तीन फूटपट्ट्या. यावरून एवढे स्पष्ट होते की टक्केवारी हे शरीराचे नैसर्गिक माप नव्हे. कोणता कायदा कशासाठी मोजतो त्यावर ती ठरते. सैनिकी टक्केवारीही वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शिकेतून येते. दोन-तीन व्याधी असल्या तर त्यांची सरळ बेरीज होत नाही, एकत्रित मूल्यांकन होते. म्हणून एक व्याधी २० टक्के आणि दुसरी २० टक्के, तर एकूण ४० टक्के, हा गावातला हिशेब बऱ्याचदा चुकतो.

तरीही २० या आकड्याला वजन आहे, आणि ते पैशांत मोजून पाहिले पाहिजे. १९६१ च्या सेना पेन्शन विनियमांतील १७३ वा विनियम सांगतो की लढाईबाहेरच्या कारणाने आलेले, सेवेशी संबंधित आणि २० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असेल तरच हे वेतन मिळेल. शंभर टक्के अपंगत्वाला अखेरच्या वेतनाच्या ३० टक्के, आणि त्याखाली त्याच प्रमाणात. अखेरचे वेतन ४०,००० रुपये धरले तर २० टक्क्यांचा ‘डिसॅबिलिटी एलिमेंट’ होतो २,४०० रुपये. मात्र संरक्षण मंत्रालयाच्या ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने १ जानेवारी १९९६ पासून पट्टे ठरवले. ५० च्या खालचे अपंगत्व ५० धरायचे, ५० ते ७५ मधले ७५ आणि ७६ ते १०० मधले १००. त्यामुळे तीच रक्कम ६,००० रुपये होते, वर महागाई मदत वेगळी. ही सूट आधी केवळ बोर्ड आऊट झालेल्यांना मिळत होती. सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार खटल्यात ती सेवा पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही दिली. आता १९ टक्क्यांचा विचार करावा. तेथे रक्कम शून्य. एका टक्क्याच्या फरकाने जन्मभराचे मासिक सहा हजार येतात किंवा जातात. ज्या मंडळाच्या एका आकड्यावर एवढे अवलंबून आहे, त्या मंडळाने तो आकडा कसा काढला हे लिहून द्यावे, ही मागणी वाजवी आहे. २०१४ च्याच सुखविंदर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ज्या व्याधीपायी माणसाला सेवेतूनच काढावे लागले, ती २० टक्क्यांहून जास्त आहे असे गृहीत धरले पाहिजे.

खरा झगडा मात्र संबंधाचा. मंडळ ‘सेवेमुळे उद्भवलेले नाही आणि बळावलेलेही नाही’ असे लिहिते; इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून माजी सैनिक याला ‘नाना’ म्हणतात. १९८२ च्या अनुदेय नियमांची रचना याच्या उलट बाजूची आहे. पाचवा नियम म्हणतो की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असे धरावे आणि नंतरची प्रकृतीची घसरण सेवेमुळे झाली असे मानावे. नववा नियम म्हणतो की पुराव्याचा भार दावेदारावर नाही आणि वाजवी संशयाचा फायदा त्याला द्यावा. चौदाव्या नियमात अपवाद आहे. भरतीच्या तपासणीत रोग कळणे शक्यच नव्हते असे वैद्यकीय मत असेल तर तो सेवेतला धरू नये, पण त्या मताची कारणे नोंदवावीत. २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व एकत्र बांधले. सुमारे नऊ वर्षे सेवा केलेल्या त्या जवानाला झटके येत होते आणि अपंगत्व २० टक्के ठरले होते. मंडळाने ‘उपजत प्रकृतिदोष’ असे लिहिले, कारण मात्र दिले नाही. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. कारणाविना दिलेल्या वैद्यकीय मतावर पेन्शन नाकारता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा आहे.

या उलट्या भारामागे तर्क आहे. सैनिकाची तपासणी भरतीच्या दिवशी सरकार करते, दरवर्षीही सरकारच करते. दवाखाना सरकारचा, डॉक्टर सरकारचा, कागद सरकारच्या ताब्यात. पोफळीच्या वाडीवर राहणाऱ्या माजी नायकाकडे डिस्चार्ज बुक आणि पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) याखेरीज फारसे काही नसते. ज्याच्याकडे सारा पुरावा आहे त्याने तो मांडावा, ही न्यायाची साधी रीत आहे. शिवाय दुर्गम चौकीवरची झोपमोड, उंचीवरची विरळ हवा, घरापासूनची ताटातूट यांचे शरीरावर होणारे परिणाम एखाद्या जखमेसारखे तारखेनिशी दाखवता येत नाहीत. म्हणूनच गृहीतकाची गरज असते. अमेरिकेतही असेच आहे. तेथे बाजू समसमान असतील तर निर्णय माजी सैनिकाच्या बाजूने जातो आणि व्हिएतनाममधील विषारी फवारणीसारख्या बाबतींत ठरावीक रोगांचा सेवेशी संबंध कायद्यानेच गृहीत धरला जातो. तेथे दहा टक्क्यांपासून पैसे सुरू होतात हा फरक वेगळा.

यावर सर्वांत जोरदार आक्षेप गैरवापराचा आहे. रक्तदाब आणि मधुमेह हे जीवनशैलीचे रोग आहेत, ते नागरी जीवनातही होतातच, आणि निवृत्तीच्या तोंडावर अनेकजण ‘लो मेडिकल’ (खालच्या वैद्यकीय श्रेणीत) होतात, असे म्हटले जाते. महालेखापरीक्षकांनी आपल्या तपासणीत अशा रोगांचे वाढते प्रमाण दाखवले आहे, आणि निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांत अपंगत्व वेतन घेणाऱ्यांचे प्रमाण जवानांतल्या प्रमाणापेक्षा बरेच जास्त असल्याचेही. हा आक्षेप टाळण्याजोगा नाही. वेतन अखेरच्या पगाराच्या प्रमाणात असल्याने मोठ्या हुद्द्याला मोठी रक्कम मिळते, हेही खरे. पण यातून निघणारा उपाय कोणता? भरतीची तपासणी काटेकोर करावी, मंडळाला सविस्तर कारणे लिहायला लावावीत, संशयास्पद दाव्यांची छाननी करावी. पुराव्याचा भारच सैनिकावर टाकला, तर चतुर अधिकारी वकील लावून कागद गोळा करील आणि चिपळूणच्या एसटीची वाट पाहणारा शिपाई मागे राहील. गैरवापर थांबवण्याच्या नावाखाली ज्याने गैरवापर केलाच नाही त्याला शिक्षा होईल. सातव्या वेतन आयोगाने टक्केवारीऐवजी ठोक रकमा सुचवल्या होत्या. शंभर टक्क्यांना अधिकाऱ्याला २७,०००, जेसीओला (सुभेदार-नायब सुभेदार दर्जाच्या कनिष्ठ अधिकाऱ्याला) १७,००० आणि जवानाला १२,००० रुपये. मंत्रिमंडळाने मे २०१७ मध्ये जुनी टक्केवारीच कायम ठेवली. ठोक रकमेने हुद्द्यातली दरी थोडी कमी झाली असती. तो विचार सरसकट सोडून द्यायला नको होता, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दुसरा आक्षेप सुट्टीचा. शिमग्याला घरी आलेला जवान माडावरून पडला तर त्याचा सेवेशी काय संबंध? येथे न्यायालयेही सैनिकाच्या बाजूने उभी राहिलेली नाहीत. सुट्टीत गावी घरगुती कामात झालेली इजा सेवेशी जोडता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे. ड्युटीच्या जागेवरून सुट्टीवर येताना किंवा सुट्टीवरून परतताना प्रवासात झालेल्या अपघाताचा विचार वेगळा होतो. ही सीमारेषा योग्य आहे. संशयाचा फायदा संशय असेल तेथेच द्यायचा असतो, आणि माडावरून पडण्यात सेवेविषयी संशय उरत नाही. गृहीतक सैनिकाच्या बाजूने झुकते म्हणजे सगळेच दावे मान्य होतात, या समजालाही त्यातून उत्तर मिळते.

२१ सप्टेंबर २०२३ पासून निवृत्त होणाऱ्यांना नवे नियम लागू आहेत. त्यांत सेवा पुरी करून निवृत्त होणाऱ्यासाठी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ ही वेगळी संज्ञा आली. त्याआधी बाहेर पडलेल्यांना जुनेच नियम लागतात. २०२२ पासून भरती झालेल्या अग्निवीरांचा प्रकार तर पूर्ण निराळा. सेवेशी संबंधित अपंगत्व १००, ७५ किंवा ५० टक्के असेल तर एकरकमी ४४, २५ किंवा १५ लाख रुपये मिळतात, जन्मभराचे वेतन नाही. वीस-एकवीस वर्षांच्या मुलाचे उरलेले आयुष्य एका धनादेशात बसवणे अपुरे आहे.

मंडळाने नाकारल्यास पहिले अपील सहा महिन्यांच्या आत करायचे असते, मग दुसरे, आणि त्यानंतर २००७ च्या कायद्याने स्थापलेले सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयाचा मार्गही पुन्हा खुला केला. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ मध्ये एक तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि अपंग सैनिकांविरुद्ध सरकारने विनाकारण खटले लढवू नयेत असा तिचा रोख होता. तरी सरकारची अपिले थांबली नाहीत. उशीर मात्र सैनिकाला महाग पडतो. २००८ च्या तरसेम सिंग खटल्यात जवान १९८३ मध्ये बाहेर पडला होता आणि न्यायालयात १९९९ मध्ये गेला. हक्क मान्य झाला, पण थकबाकी याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळाली. सैनिक गेल्यावर विधवेचा हक्कही याच संबंधाच्या प्रश्नावर अडतो, कारण विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मृत्यू सेवेशी जोडला गेला तरच मिळते.

पोफळीहून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय शंभर किलोमीटरहून दूर रत्नागिरीला, मराठा रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावात, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, आणि पेन्शन मंजूर करणारे लेखा कार्यालय प्रयागराजला. या अंतरामुळे पुष्कळ दावे गावातच विझतात. ज्या घरात असा माजी सैनिक आहे, त्या घरच्यांनी आधी वैद्यकीय मंडळाच्या कार्यवाहीची प्रत रेकॉर्ड ऑफिसकडून लेखी मागवावी, तीत ‘नाना’च्या पुढे कारण लिहिले आहे का ते पाहावे, आणि ती ओळ कोरी असेल तर अपिलाची पहिली ओळ तिथूनच सुरू करावी.