पेवातली नाचणी

सतराव्या शतकात बेंगळूर आदिलशाही अंमलाखाली येऊन शहाजीराजांच्या जहागिरीत सामील झाले, त्या काळी तिथली रयत कोरडवाहू लाल जमिनीत जी नाचणी पिकवीत असे, तिचीच दखल 1800 साली कंपनी सरकारच्या हुकुमावरून म्हैसूर मुलखाची पाहणी करणाऱ्या फ्रान्सिस बुकाननने गोरगरिबांचे मुख्य अन्न म्हणून घेतली. हे धान्य पेवांत साठवीत: तोंड अरुंद, पोट ऐसपैस, आत गवताचे अस्तर, आणि पेव उघडल्यावर कोंडलेली दूषित हवा निघून जाईपर्यंत आत कोणी उतरत नसे. वर्षानुवर्षे ते किडत नसे, म्हणून दुष्काळात तेच तारण.

नाचणीच्या पिठाचा वाफाळता उंडा न चावता गिळणाऱ्या कुणब्याला हे ठाऊक नव्हते, की शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि सडीक तांदळात जेमतेम दहा. रक्तातील कॅल्शियम उणे पडू लागले की शरीर ते हाडांतून उसने घेते. त्यातून मुलांना मुडदूस आणि वारंवार बाळंत होणाऱ्या स्त्रियांना अस्थिमार्दव जडू शकते. गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ प्रतिष्ठेचा झाला आणि नाचणी हलक्या लोकांचे अन्न ठरली, हा व्यवहार मला तरी आतबट्ट्याचाच वाटतो.

अर्थात नाचणी सर्वगुणसंपन्न नव्हे. तिच्यातील फायटेट नावाचे द्रव्य लोहाला बांधून ठेवते, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबून पंडुरोग टळत नाही. मोड आणल्याने हे बंधन सैल होते. तेव्हा नाचणी भिजवा, मोड येऊ द्या, वाळवा आणि मगच दळा.