चिपवरचं वेटोळं : एका ‘अशक्य’ची गोष्ट

जुना ट्रान्झिस्टर रेडिओ ज्यांनी कधी उघडून पाहिला असेल, त्यांना आतले छोटे चौकोनी पत्र्याचे डबे आठवतील. कुणाचं डोकं पिवळं, कुणाचं पांढरं, कुणाचं काळं आणि मधे स्क्रूड्रायव्हरसाठी खाच. रेडिओ दुरुस्त करणारे त्यांना ‘आयएफटी’ म्हणायचे. त्या डब्यात असते बारीक तांब्याच्या तारेची कॉइल, म्हणजे इंडक्टर. आता खिशातला मोबाइल घ्या. त्यातही रेडिओच आहे, एक नव्हे, अनेक. मग ते डबे गेले कुठे? आजचा विषय तोच.

सुरुवात 1958 पासून करू. सप्टेंबर महिन्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये जॅक किल्बीनं पहिलं इंटिग्रेटेड सर्किट चालवून दाखवलं. ते होतं ऑसिलेटर, म्हणजे आंदोलनं निर्माण करणारं सर्किट. गंमत बघा, रेडिओतल्या ऑसिलेटरला कॉइल लागते. किल्बीच्या ऑसिलेटरमध्ये कॉइल नव्हती. रेझिस्टर आणि कपॅसिटरवरच त्यानं काम भागवलं होतं. म्हणजे चिपचा जन्मच मुळी कॉइलशिवाय झाला.

असं का? याचं नेमकं उत्तर 1965 च्या एप्रिलमध्ये गॉर्डन मूर यांनी दिलं. हो, तेच मूर, ज्यांच्या नावाचा नियम आपण मागे पाहिला. त्या वेळी ते फेअरचाइल्डमध्ये संशोधन विभागाचे प्रमुख होते. ज्या लेखातून तो नियम आला, त्याच लेखाच्या शेवटाकडे त्यांनी एक अडचण मांडली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : इंडक्टर ऊर्जा साठवतो, ऊर्जा साठवायला घनफळ लागतं आणि चिपवर नेमकं तेच नसतं. ट्रान्झिस्टर लहान केला की सुधारतो. कॉइल लहान केली की बिघडते.

हा युक्तिवाद चुकीचा होता का? मुळीच नाही. थोडा हिशेब करू, घाबरू नका. कॉइल आणि कपॅसिटरची जोडी एका ठरावीक फ्रीक्वेन्सीला घुमते. समजा कपॅसिटर 10 पिकोफॅरडचा आहे. 10 मेगाहर्ट्झला घुमायचं, तर कॉइल साधारण 25 मायक्रोहेन्री हवी. सपाट चिपवर ती बसवणं अव्यवहार्यच. पण फ्रीक्वेन्सी शंभर पट वाढवून 1 गिगाहर्ट्झ करा. आता किती हवी? शंभराव्या भागाइतकी नव्हे, दहा हजाराव्या भागाइतकी! कारण इथे फ्रीक्वेन्सीचा वर्ग येतो. म्हणजे फक्त अडीच नॅनोहेन्री. तेवढ्यासाठी धातूच्या पट्टीचे दोन-चार वेढे पुरतात, केसाच्या दोन-तीनपट रुंदीच्या जागेत.

थोडक्यात, ‘चिपवर इंडक्टर होत नाही’ या निकालाला एक अट चिकटलेली होती : ‘आज वापरतो त्या फ्रीक्वेन्सीला’. पुढे निकाल तोंडोतोंडी फिरला आणि अट गळून पडली. सपाट वेटोळी कुणाला माहीत नव्हती असंही नाही. त्यांचं गणित हॅरल्ड ग्रीनहाउस यांनी 1974 मध्ये व्यवस्थित मांडलं होतं. गॅलियम आर्सेनाइडच्या चिपवर ती वापरातही होती, कारण तो पाया जवळपास विद्युतरोधक असतो. सिलिकॉनवर मात्र लोक हात लावायला बिचकत होते.

1990 मध्ये बर्कलीच्या न्हात न्गुयेन आणि रॉबर्ट मायर यांनी नेहमीच्याच सिलिकॉन पद्धतीनं अशी चौकोनी वेटोळी बनवली, मोजली आणि त्यांतून फिल्टर करून दाखवले. गुणवत्ता बेताचीच. ती मोजतात ‘क्यू’ या आकड्यानं. झोक्याला एकदा ढकललं की तो किती वेळ झुलत राहतो, तसं समजा. क्यू जास्त तर झोका बराच वेळ झुलतो. यांचा क्यू एक-अंकीच होता. पण ‘अशक्य’ आणि ‘बेताचं’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, नाही का?

वेळही नेमकी होती. मोबाइल फोन 900 आणि 1800 मेगाहर्ट्झवर येत होते. आता प्रश्न उरला की ऊर्जा गळते कुठे? एक, धातूची पट्टी पातळ, म्हणून तिचा रोध जास्त. दोन, खालचं सिलिकॉन अर्धवट वाहक. कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्यात प्रवाहाचे भोवरे उठतात आणि ऊर्जा उष्णता होऊन जाते.

यावरचे उपाय बघा. 1993 मध्ये लॉस एंजेलिसला असद अबिदी यांच्या गटानं कॉइलखालचं सिलिकॉन चक्क कोरून काढलं; कॉइल हवेत लटकती ठेवली. बेल्जियममध्ये क्रानिन्क्स आणि स्टेयार्ट यांनी 1997 मध्ये मधला भाग पोकळ ठेवलेली वेटोळी वापरली, कारण अगदी आतले वेढे इंडक्टन्स थोडा देतात आणि नुकसान फार करतात. 1998 मध्ये स्टॅनफर्डच्या पॅट्रिक यू आणि सायमन वाँग यांनी कॉइल आणि सिलिकॉन यांच्यामध्ये जमिनीला जोडलेला वाहक पडदा घातला. पण अखंड पडद्यातच भोवरे उठतील, म्हणून त्याला फटी पाडल्या. विद्युत क्षेत्र अडतं आणि भोवऱ्यांना फिरायला वाट मिळत नाही. साधी युक्ती, पण काय नेमकी!

मग मूर हरले का? माझ्या मते नाही. ट्रान्झिस्टर पिढीगणिक लहान होत गेले, कॉइल मात्र फारशी आकसली नाही. आज एका कॉइलच्या जागेत लाखो ट्रान्झिस्टर मावतील. आणि 2013 मध्ये इंटेलनं हॅसवेल प्रोसेसरमध्ये वीज नियंत्रित करणारं सर्किट चिपवर आणलं, तेव्हा त्याच्या कॉइल चिपवर नव्हे, खालच्या पॅकेजमध्ये ठेवल्या. तिथे फ्रीक्वेन्सी कमी, म्हणून कॉइल मोठी. घनफळाचा नियम आजही भाडं वसूल करतोच.

बदलली ती अट. म्हणून एक सांगतो : तुमच्या क्षेत्रात कुणी ‘हे होत नाही’ म्हणालं, तर वाद घालू नका, हसूही नका. विचारा, ‘कोणत्या आकड्यांना?’ आणि अधूनमधून तपासत राहा, ते आकडे अजून तेच आहेत का.